कप हलवायचा असतो

चर्र असा आवाज झाला आणि मैसूनचा उजवा हात पुढे गेला. तळवा वर, बोटं जुळलेली, मधोमध थोडा खड्डा केलेला. तिनं काही तो पुढे केला नव्हता. ती त्या वेळी वेलदोड्यांचा विचार करत होती: सात टाकले की आठ, आणि बाहेर बैठकीत बसलेल्या अकरा पुरुषांना एका वेलदोड्याचा फरक तो काय कळणार. तेवढ्यात आवाज झाला आणि हात गेला. समोर गादीवर बसलेली उम्म सख्र चंदेरी पट्टीतून आपली रक्तदाबाची गोळी काढत होती. गोळी तिच्या दोन बोटांत, आणि गोळीखाली वीतभर अंतरावर मैसूनचा तळवा. मैसूनची आई पाण्याचा पेला घेऊन उभी होती, भावजय अबीर स्वयंपाकघराच्या दाराशी. तिघींनी तो हात पाहिला. शुक्रवारची दुपार, नमाज होऊन तास झालेला, खिडकीतून तेलाच्या कारखान्याचा वास येत होता. झर्का शहरात जन्मलेल्यांना तो वास जाणवतच नाही, पण त्या क्षणी मैसूनला तो आला. तिनं हात मागे घेतला. घेतला म्हणजे डाव्या हातानं मनगट धरून तो मांडीवर आणून ठेवला, दुसऱ्याची वस्तू चुकून उचलली आणि परत जागेवर ठेवली तसा.

उम्म सख्र ही इन्शिराहची सख्खी मोठी बहीण. इन्शिराह तुरुंगात होती, आणि तिला मैसूननं तिथं पाठवलं असं गल्ली म्हणत असे. पोलिसांनी पाठवलं असं कुणी म्हणत नसे. येत्या रविवारी कोर्टात मैसूनची साक्ष होती. अम्मानमधल्या त्या चौथ्या मजल्यावरून सुटलेल्या पोरींपैकी तक्रारीवर आपलं नाव लिहू दिलेली ती एकटीच. म्हणून आज इन्शिराहच्या घराण्यातले पुरुष, हाज फवाजला पुढे घालून, तिच्या भावाच्या, नायफच्या, दारात आले होते. तक्रार मागे घ्या म्हणायला. नायफनं पहिला कप भरून हाज फवाजच्या हातात दिला होता आणि हाजनं तो न पिता समोरच्या चौरंगावर ठेवला होता. मागणं मान्य होईपर्यंत तो आता तिथंच राहणार. घरधनी 'प्या' म्हणाला की मागणं मान्य झालं, आणि मग तो शब्द कुणाच्या बापाला फिरवता येत नाही. नाही म्हणाला तर पाहुणे कॉफी तशीच टाकून उठतात, आणि ही नाचक्की दोन्ही घरांना जन्मभर पुरते. नायफनं तीन दिवसांपूर्वीच आईसमोर सांगून टाकलं होतं, "मी त्यांना प्या म्हणायचा नाही. कप गार होईल त्यांच्यापुढे, आणि मी बघत बसेन." मैसूनचा त्याच्यावर विश्वास होता. नायफ चांगला माणूस होता. चांगल्या माणसांची एकच पंचाईत असते, त्यांना सगळ्यांशीच चांगलं वागायचं असतं.

"पाणी दे गं, उम्म नायफ," अखेर उम्म सख्र मैसूनच्या आईला म्हणाली, गोळी जिभेवर ठेवून. पाणी पिऊन तिनं पट्टी ओढणीखालच्या पिशवीत परत टाकली, पुन्हा चर्र झालं, आणि मैसूननं दातांवर दात दाबून मनगट घट्ट धरलं. "दिवसाला दोन घेते बघ. एक सकाळची, एक जेवणावरची. नाही घेतली तर डोकं नुसतं भणभणतं."

"माझ्या सासूबाईंचंही तसंच आहे," अबीर घाईघाईनं म्हणाली. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. "आणि बाहेर त्या हाजच्या मिश्या पाहिल्यात का खाला? काल रंगवल्यात, मी पैज लावते. कॉफी प्यायला तर कपात उतरेल रंग. बरं आहे पीत नाहीये ते."

कुणी हसलं नाही. अबीरसुद्धा नाही.

सकाळची एक आणि जेवणावरची एक. मैसूनला तिची गोळी पहिल्यांदा अम्मानमध्ये, रक्तवाढीची म्हणून मिळाली होती. शिवणाच्या कारखान्यात नऊ तास काज-बटणं करून ती घरी येई तेव्हा तिला पायऱ्या चढताना चक्कर येई, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. इन्शिराहलाही माहीत होतं. इन्शिराहचं माहेर याच गल्लीतलं. ती अम्मानहून गाडीनं यायची, अंगाला उंची अत्तर, आणि पोरींच्या हनुवट्या धरून म्हणायची, काय गं हे, तोंडावर रक्त नाही तुझ्या, माझ्या पार्लरमध्ये ये, बसून काम आहे, नखं रंगवायची. इन्शिराह या नावाचा अर्थ छाती मोकळी होणं, जीव हलका होणं. तिला भेटल्यावर तसं व्हायचंही, खोटं कशाला बोला. पार्लर खरंच होतं, तळमजल्यावर. पण मैसूनला तिथं आठच दिवस बसवलं, मग वर चौथ्या मजल्यावर नेलं आणि मग दाराला बाहेरून कडी लागली. रक्तवाढीच्या गोळीवर दोन चंद्रकोरी कोरलेल्या होत्या, एकमेकींकडे पाठ केलेल्या. मैसूनला त्या आवडल्या होत्या. औषधाच्या कंपनीनं किती हौसेनं खूण केली आहे असं तिला वाटलं होतं. या आठवणीनं तिला जितकी लाज वाटे तितकी त्या घरातल्या दुसऱ्या कशानंही वाटत नसे. जे झालं ते झालं, पण ते चंद्र आपल्याला आवडले होते.

तिथं सकाळ म्हणजे गॅसच्या गाडीचं गाणं. पडदे कायम ओढलेले, घड्याळ नाही, फोन नाही, पण सिलिंडरची गाडी ते आपलं टिंगटिंग गाणं वाजवत खालून जायची तेव्हा अम्मानमध्ये सकाळ झालेली असे. मग खाला यायची, म्हणजे इन्शिराह. सगळ्या तिला खालाच म्हणत, मावशीच म्हणत, आणि ती खरंच मावशीसारखी वागायची, हेच तर सांगता येत नाही कुणाला. ती केस विंचरून द्यायची. तिच्या हातात तबक असे, तबकात कॉफीचे पाच छोटे कप, बिनकानाचे, काठाला सोनेरी रेघ असलेले, पाहुण्यांसाठी असतात तसले. कप कोरडे. प्रत्येकात एकेक गोळी. "घ्या पोरींनो, आणि इथं कप हलवायची पद्धत नाही हं," असं म्हणून ती हसायची. तो तिचा रोजचा विनोद होता.

कप हलवायचा असतो. मैसून चार वर्षांची असताना बापानं तिला हे शिकवलं होतं, या इथंच, आता बाहेर जिथं ते अकराजण बसलेत त्या बैठकीत. तिच्या हातात रिकामा कप देऊन तो म्हणाला होता, पिऊन झालं आणि नुसताच पुढे केलास तर समोरचा पुन्हा भरणार. तो बिचारा भरतच राहणार, त्याचा काय दोष? बस झालं असेल तर असा हलवायचा, मनगटातून, दोनतीनदा. मग त्याला कळतं. तोंडानं नको म्हणायचं नाही, ते वाईट दिसतं. हात बोलतो. चार वर्षांची मैसून दिवसभर रिकामा कप हलवत घरभर फिरली होती आणि बाप ज्याला त्याला सांगत होता, माझ्या पोरीचं पोट भरलं बघा. बाप गेल्याला आता नऊ वर्षं झाली. तो असता तर, असा विचार मैसून करत नसे. तो असता तर त्यानंही कदाचित कप भरलाच असता.

सुरुवातीला तिनं नको म्हटलं होतं. पंधरा-वीस दिवस म्हटलं होतं. रक्तवाढीच्या गोळीनं तीन-तीन रात्री झोप लागत नाही आणि मग तेवढ्यासाठी दुसरी, झोपेची, घ्यावी लागते, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. तेव्हा ड्रायव्हर आणि आणखी एकजण नाक दाबून तोंड उघडवायचे. तेही एक वेळ चाललं, कारण ते तिच्यावर होत होतं, ती करत नव्हती. पण मग खालानं एक दिवस गोळ्या आणल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. हाडं आतून कुणी किसत असावं तसं दुखायला लागलं, घाम, उलट्या, अंगावरची चादर काचेच्या चुऱ्याची झाली. शिव्या नाहीत, मार नाही, काही नाही. फक्त दार बंद. तिसऱ्या दिवशी गॅसच्या गाडीचं गाणं वाजलं आणि मैसून स्वतः दाराशी गेली, तिनं दार ठोठावलं आणि ती म्हणाली, "खाला, द्या ना." कुणी नाक दाबलं नव्हतं. दार उघडलं. खालानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "अगं, मग आधी नाही का मागायचं? माझं का वैर आहे तुझ्याशी?" आणि तिनं तबक पुढे केलं नाही. ती पट्टीच घेऊन आली होती. चर्र. मैसूनचा हात पुढे गेला. तळवा वर.

सरकारी वकीलबाईंनी तिला हेच विचारलं होतं, मागच्या आठवड्यात. सडसडीत बाई, चष्मा केसांत खोवलेला. "तू कधी स्वतःहून मागितलीस?" मैसूनची नजर खाली गेली. "हे बघ, ते विचारणार. इन्शिराहचा वकील दुसरं काही विचारणारच नाही. म्हणून मी आधी विचारते." मैसून म्हणाली, "मला दिली जायची." बाई म्हणाल्या, "हो, पण मागितलीस का?" मैसून म्हणाली, "मला दिली जायची." बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणून तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, असंच म्हण, नजर खाली करू नकोस. तेव्हापासून मैसून न्हाणीघरातल्या आरशासमोर रोज म्हणत होती. मला दिली जायची. मला दिली जायची. आरशातली बाई नजर खाली करत नव्हती. मैसूनला वाटलं होतं, जमेल. सहा महिने झाले होते. चाळीस दिवस इस्पितळात, मग इथं. आता ती स्वयंपाक करत होती, भाचीची वेणी घालत होती, मागच्या शुक्रवारी तिनं एकटीनं मकलूबाचं पातेलं ताटावर उलटं केलं आणि भात वांग्यांसकट अखंड उभा राहिला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हात बरा झाला होता. तोच हात, हाच.

"मैसून," उम्म सख्र म्हणाली. तिनं गुडघा चोळत पाय लांब केला. जाडजूड, दमेकरी बाई, चेहरा भला. तो भलेपणा खोटा नव्हता. मैसूनला खोटा वाटला असता तर बरं झालं असतं. "इकडे बघ पोरी. मी काही माझ्या बहिणीची वकिली करायला आले नाही. तिनं केलं ते अल्लाला ठाऊक, तिचं ती भोगेल. मी तुझं सांगते. मघाशी जो हात आला ना..."

"खाला, जाऊ द्या ना ते," अबीर म्हणाली.

"जाऊच देते आहे मी. मी घरात जाऊ देते, कोर्ट जाऊ देईल का? तिथं भरल्या माणसांत, जज्जासमोर, आमच्या वकिलानं काही विचारायचंही नाही. खिशातून एक पट्टी काढायची आणि नुसती वाजवायची." तिनं दोन बोटं हवेत दाबली. आवाज झाला नाही, तरी मैसूनला तो ऐकू आला. "मग काय म्हणशील तू? कोणी जबरदस्ती केली म्हणशील त्या वेळी?"

मैसूनची आई मटकन गादीवर बसली. "उम्म सख्र," ती म्हणाली, "माझ्या घरात बसून असं बोलू नकोस गं. मीठ खाल्लंय आपण एकमेकींचं."

"म्हणून तर बोलते. परकी असते तर गप्प बसले असते, आणि रविवारी तमाशा पाहिला असता."

बैठकीच्या पडद्यापलीकडे हाज फवाज बोलत होता. त्याचा आवाज चांगला होता. अशा कामासाठी अल्लानं त्याला वेगळा आवाज दिला होता असं गल्लीत म्हणत. तो कोर्टाबद्दल, तुरुंगाबद्दल काहीच बोलत नव्हता. तो अब्रूबद्दल बोलत होता, झाकण्याबद्दल. अल्ला झाकतो तर माणसानं का उघडावं. रविवारी तुझ्या बहिणीचं नाव घेऊन परके पुरुष काय काय विचारतील, नायफ. तुझ्या पोरी उद्या मोठ्या होतील. ती आमची लेक आहे. आम्ही आमच्या लेकीला झाकायला आलो आहोत. नायफ मधूनच काहीतरी म्हणत होता, पण त्याचा आवाज पडद्यापर्यंत पोचत नव्हता. मैसून कान देऊन ऐकत होती. सांग त्यांना. सांग, कप गार होऊ दे. आपल्याला ओरडून म्हणता येईल असं तिला वाटलं, पण, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, तिचं अर्धं मन उम्म सख्रच्या पिशवीत होतं. पट्टीत किती राहिल्या असतील. रक्तदाबाच्याच तर आहेत. रक्तदाबाच्या असल्या तरी.

तिला नवारचं नाव कोर्टात घ्यायचं होतं. तक्रार त्यासाठी केली होती. बाकी सगळं, खाला, ड्रायव्हर, चौथा मजला, ते सरकारनं बघावं. मैसूनला तिथं उभं राहून फक्त एक नाव मोठ्यानं म्हणायचं होतं. नवार, एकोणीस वर्षांची, सीरियातल्या दरा गावची. कागदपत्रं नाहीत, बाप नाही, भाऊ सीमेपलीकडे कुठं आहे ते ठाऊक नाही. कुठल्याही सरकारच्या वहीत ती नाही. ती कॉफी कुटणाऱ्यांच्या घरातली होती आणि तिला या गोष्टींचं फार होतं: वेलदोडे किती, कप कुठल्या हातात, आधी कुणाला. ती गोळी घ्यायची, घ्यावीच लागे, आणि मग रिकामा कप खालापुढे धरून हलवायची. मनगटातून, दोनतीनदा. बस. रोज. खालाला आधी हसू यायचं, मग येईनासं झालं. मग एकदा नवारनं गोळी घ्यायचंच नाकारलं आणि कप तसाच हलवला, गोळीसकट. गोळी कपात टिकटिक वाजली. खाला रागावली नाही. ती म्हणाली, "ठीक आहे. ही घेईपर्यंत कुणालाच नाही." आणि तबक घेऊन गेली.

एक दिवस चौघींनी काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काढला. मग त्या नवारकडे पाहायला लागल्या. मैसून तिची मैत्रीण होती, एका गादीवर झोपायची. म्हणून नाक मैसूननं दाबलं. बाकीच्यांनी हातपाय धरले. ड्रायव्हरला बोलवावंही लागलं नाही, तो दारात उभा राहून शेंगदाणे सोलत होता. नवारचे डोळे उघडे होते आणि त्यांत राग नव्हता, तेवढं मैसूनला आठवतं, फक्त नवल होतं, पाहुण्यानं रीत चुकवावी तेव्हा वाटतं तसलं. त्यानंतर नवारनं कप कधी हलवला नाही. ती दोन घ्यायची, मग तीन, स्वतः मागून. आणि एक दिवस गॅसच्या गाडीचं गाणं वाजून गेलं, तबक आलं, सगळ्या उठल्या आणि नवार उठली नाही. तिला चादरीत गुंडाळून खाली नेलं. इस्पितळात नेलं असं खालानं सांगितलं. मैसूननं विचारलं, कुठल्या? खालानं पट्टी वाजवली. मैसूननं पुढे विचारलं नाही.

"मैसून." पडदा हलला. नायफ होता. पूर्ण आत आला नाही, अर्धा पडद्यात, अर्धा बाहेर. कपाळाला घाम, डोळे लाल. रडला असावा किंवा रडू दाबलं असावं. "मैसून, मी त्यांना सांगितलंय. मी म्हटलं, हक्क माझा नाही, तिचा आहे. झालं ते तिच्यावर झालंय. ती म्हणेल तर प्या, ती नाही म्हणेल तर उठा. हाज कबूल झालेत. असं आजवर झर्कामध्ये कुणी केलं नसेल, पण ते कबूल झालेत." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं बहिणीला काहीतरी मोठं दिलंय. "तू बोल. इथूनच बोल, ऐकू जाईल."

मैसूननं त्याच्याकडे पाहिलं. तीन दिवस ती त्याच्या 'नाही'ला टेकून बसली होती. त्यानं मोठ्या मनानं ते काढून घेतलं होतं आणि आता ते तिच्या हातात ठेवत होता. पडद्यापलीकडे अकरा माणसं गप्प झाली होती. अबीर डोळ्यांनी सांगत होती, नाही म्हण, नाही म्हण गं बाई. आई जमिनीकडे पाहत होती. उम्म सख्र कुठंच पाहत नव्हती. तिनं गुडघ्यावरची पिशवी जराशी सरळ केली, एवढंच, आणि आत पट्टी पुसटशी वाजली. मुद्दाम केलं असेल असं मैसूनला आजही वाटत नाही.

नाही. एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. आरशासमोर तिनं याहून लांब वाक्यं म्हटली होती. मग रविवार आला असता. ती लाकडी पिंजऱ्यात उभी राहिली असती, भरल्या माणसांत कुणीतरी खिशात हात घातला असता, आणि नवारचं नाव तोंडात यायच्या आधी हात पुढे गेला असता. सगळ्यांनी पाहिला असता. मग तिनं नवारचं नाव घेतलं असतं तरी ते कुणाच्या तोंडून आलं असतं? मागणारीच्या. नाक दाबणारीच्या. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती, आणि मैसून स्वतःशी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. तिला हे संपायला हवं होतं. आत्ता. तिसऱ्या दिवशी दाराशी गेली होती तेव्हा हवं होतं तसंच. वाट्टेल त्या किमतीला, कुणाच्याही हातून.

"हाजना म्हणावं," ती म्हणाली, आणि आवाज ओळखीचा निघाला, गोड, खालच्या पट्टीतला, द्या ना म्हणणारा, "प्या."

पडद्यापलीकडून हाज फवाज म्हणाला, "अल्ला तुझं तोंड उजळ करो, पोरी," आणि कॉफी ओढल्याचा आवाज आला. गार कॉफीला फुंकर लागत नाही. त्यानं एका घोटात संपवली. मग नायफनं बाकीच्यांना भरायला सुरुवात केली, एकेक कप, उजवीकडून, आणि अकरा पुरुषांचं बोलणं एकदम मोकळं झालं. कुणी पावसाचं बोललं, कुणी कुणाच्या लग्नाचं. उम्म सख्रनं उठताना मैसूनच्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणी आहेस," ती म्हणाली, आणि तिला खरंच रडू आलं होतं. अबीर स्वयंपाकघरात गेली आणि भांडी उगाचच जोरात लावायला लागली. "शाबास," ती भिंतीला म्हणाली, "सगळ्या खानदानाला शाबास. मिश्यांचा रंग उतरला नाही ना कपात? मग झालं तर."

माणसं गेली. दार लागलं. नायफ चोचीची किटली आणि एक कप घेऊन आतल्या खोलीत आला, आणि मैसूनसमोर गालिच्यावर गुडघे टेकून बसला. त्यानं बायकांना कधी कॉफी ओतली नव्हती. त्यांच्या घरात पुरुष पाहुण्यांना ओततात, बायका आत पितात. "आज तुझा मान," तो म्हणाला. "बरं झालं, मैसू. संपलं सगळं. आता कुणी तुझं नाव घेणार नाही." त्यानं कप भरला, तळाला दोन घोट, रीतीप्रमाणे, आणि दोन्ही हातांनी तिला दिला. मैसून प्यायली. कडू होती, चांगली झाली होती. आठ वेलदोडे पडले होते तर. तिनं रिकामा कप पुढे धरला. नायफनं भरला. ती प्यायली. पुन्हा धरला, त्यानं पुन्हा भरला, तिथवर सगळं बरोबर होतं, तीन घेतातच. चौथ्या वेळच्या कॉफीसाठी कप पुढे आला तेव्हा नायफ हसला. "अगं, पुरे असेल तर हलव की. बाबांनी शिकवलं नव्हतं का?"

मैसूननं हाताकडे पाहिलं. हात पुढे होता, तळवा वर, मधोमध खड्डा, खड्ड्यात कप. ती नवारचं मनगट आठवायचा प्रयत्न करत होती. ते डावीकडून उजवीकडे जायचं की उजवीकडून डावीकडे? दोनदा की तीनदा? तिनं रोज पाहिलं होतं, इतक्या सकाळी, अगदी शेजारी बसून. नायफनं थोडं थांबून भरला. ती प्यायली आणि तिनं कप पुढे धरला. आता तो हसत नव्हता.

"हलव, मैसू," आई म्हणाली. "हलव ना, बाळ."

खालून गॅसची गाडी गाणं वाजवत गेली. कप पुढे होता. नायफनं किटली वाकडी केली. तळचा गाळ चोचीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. तो तशीच वाकडी किटली धरून बसून राहिला, कारण कप अजून पुढेच होता, आणि तो हलत नव्हता.